रोज अर्धा फेरा

वस्तादने काळ्या बुटात हात घातला, चवड्यापाशी बोटांना काहीतरी कडक लागलं आणि त्याच्या मिशा आपोआप वर गेल्या.

“सापडलं रे!”

पाठीला पाठ लावून बसलेल्या मेव्हण्याने टाका ओढला, दोरा तोडला. मान काही वळवली नाही.

दुकानाचा नियमच होता. दुरुस्तीला आलेल्या बुटात आधी हात, मग डोळा. आत खिळा वर आलाय का, अस्तर सुटलंय का, हे बोटांना आधी कळतं. शिवाय लोक बुटात काय काय विसरतात! वस्तादला आजवर दाढीचं ब्लेड मिळालं होतं, एका म्हातारबुवांची कवळी मिळाली होती आणि एकदा चार पानी प्रेमपत्र. ते पत्र त्याने मालकाला बुटासकट इमानदारीत परत दिलं होतं, फक्त शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईने दुरुस्त करून.

पन्नाशीला दोन वर्षं कमी असलेला हा माणूस सगळ्या गल्लीत वस्ताद म्हणूनच ओळखला जायचा. बूट शिवण्यातही वस्ताद आणि लोकांच्या फिरक्या घेण्यातही. त्याच्या तावडीतून कुणी सुटलं नव्हतं, एक मेव्हणा सोडून. म्हणजे सापडायचा रोज, पण हसायचा नाही. अठरा वर्षं दोघं एका दुकानात बसत होते आणि अठरा वर्षं हा बायकोचा धाकटा भाऊ दगडासारखा कोरडा. वस्तादने त्याला आवाज बदलून फोन केला होता, तीन पायांच्या गिऱ्हाइकाला दीड जोड हवाय म्हणून. मेव्हण्याने शांतपणे विचारलं होतं, “तिसरा पाय डावा की उजवा?” आणि वहीत लिहूनही घेतलं होतं.

त्यातल्या त्यात वस्तादची गाजलेली नक्कल म्हणजे मेव्हण्याची चाल. आठ वर्षांपूर्वी मेव्हण्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, दहा दिवस सुट्टी घेऊन तो परत आला तेव्हा असा चालत होता, की जणू गुडघ्यांच्या मध्ये अंड्यांचा ट्रे धरलाय. वस्तादने ती चाल त्याच दिवशी उचलली. तेव्हापासून घरात चार माणसं जमली की फर्माईश यायची, आणि वस्ताद फेंगडा होऊन खोलीभर फिरायचा. लोक पोट धरून हसायचे. मेव्हणा कोपऱ्यात बसून चहा प्यायचा.

आत्ता वस्तादने बुटातून ओढून काढलं ते एक कार्ड होतं. डॉक्टरचं. मूत्ररोगतज्ज्ञ, वेळ संध्याकाळी पाच ते सात.

“घ्या!” तो म्हणाला. “कुणाचं तरी गुपित चालत चालत दुकानात आलं. कुणाचा रे हा जोड?”

“नाव नाही सांगितलं. सकाळी ठेवून गेले. तंग आहे म्हणाले, सैल करायचाय.”

“येऊ दे घ्यायला. सगळ्या गल्लीसमोर विचारतो, काय साहेब, नळाला प्रेशर कसं आहे?”

“ठेवून द्या दाजी. लोकांचं असतं.”

पण वस्तादने कार्ड उलटं केलं होतं. मागे दुखण्यांची यादी छापली होती. मुतखडा, प्रोस्टेट, आणि तिसरी ओळ. ‘लिंगाची पुढची त्वचा मागे न सरकणे (फायमोसिस): औषधाने व शस्त्रक्रियेने उपचार.’ या तिसऱ्या ओळीखाली कुणीतरी चंदेरी रेघ मारली होती.

वस्तादच्या मिशा खाली आल्या.

“काय निघालं?” मेव्हण्याने विचारलं.

“काही नाही. जुनं तिकीट.”

सापडलेली वस्तू लपवण्याची त्याची ही आयुष्यातली पहिलीच वेळ. कार्ड त्याने शर्टाच्या खिशात सरकवलं, वरून बटण लावलं. मागे मेव्हण्याने कानावरची पेन्सिल काढली, कातड्यावर रेघ ओढली, आणि रापीने ते कापल्याचा कर्र आवाज आला.

*

वस्तादला हे सुरू होऊन वर्ष झालं होतं. सुरुवातीला नुसती खाज. मग त्वचेला बारीक चिरा पडायला लागल्या, भरायच्या, परत पडायच्या, आणि प्रत्येक वेळी तिथलं कातडं थोडं आवळून यायचं. नाडी ओढल्यावर पिशवीचं तोंड आवळतं तसं. आता ते मागे सरकायचंच नाही. लघवीला गेलं की आधी पुढे फुगा व्हायचा आणि मग धार निघायची ती बारीक, तिरकी, भलतीकडेच. बायकोच्या जवळ जायचं तर डोळ्यांत पाणी यायचं, आणि ते प्रेमाने आलेलं नसायचं. म्हणून त्याने जाणंच बंद केलं.

कुणाला सांगणार? डॉक्टरकडे जावं तर तो कापायला घेईल, ही एक भीती. आणि कापायला घेतलं तर कुठवर, ही दुसरी.

मग त्याने स्वतःच डोकं लढवलं. चामडं तंग झालंय ना? तीस वर्षं आपण दुसरं काय करतोय? दुकानात चामडं मऊ करायच्या तेलाची डबी होती. कडक मिलिटरी बूटसुद्धा त्या तेलाने दोन दिवसांत लोण्यासारखा व्हायचा. वस्तादने डबी घेतली, दुकानामागच्या संडासात गेला, आणि पाच मिनिटांनी आतून असा आवाज आला की पलीकडच्या छत्रीवाल्याला वाटलं मांजराच्या शेपटीवर कुणाचा तरी पाय पडला. दोन दिवस आग आग झाली. आठवडाभराने त्याने तेल सोडून जोर लावून पाहिला. तेव्हा रक्त आलं.

हे कुणी केलं, तर ज्या माणसाने गिऱ्हाइकांना आयुष्यभर बजावलं होतं की तंग बुटात पाय कोंबू नका, शिवण उसवेल, त्या माणसाने.

तेलाची डबी त्या गडबडीत संडासाच्या खिडकीतच राहिली होती. दुसऱ्या दिवशी ती दुकानातल्या फळीवर जागच्या जागी होती. आपणच आणून ठेवली असेल, असं म्हणून वस्तादने तो विषय डोक्यातून काढून टाकला.

आणि नेमकी आज सकाळी, कामाला निघताना, बायकोने दाराशी गाठलं होतं. ती पोस्टात खिडकीवर बसायची. दिवसभर लोकांना ‘पुढच्या खिडकीवर जा’ सांगून सांगून तिचा आवाज घरीही तसाच सपाट यायचा.

“एक विचारू?”

“दोन विचार. एक फुकट.”

“दुसरी कुणी आहे का?”

वस्तादने नेहमीसारखं तोंड उघडलं. ‘आहे की, पण ती तुझ्यापेक्षा जास्त ओरडते,’ हे जिभेवर तयारच होतं. पण बायकोच्या हातातल्या किल्ल्या अगदी बारीक वाजत होत्या.

“नाही गं,” एवढंच तो म्हणाला.

“मग काय आहे ते रविवारपर्यंत सांगा. त्यानंतर नाही विचारणार मी. कधीच नाही.”

आज गुरुवार होता. ती भांडणारी बाई. भांडण त्याला चाललं असतं. ‘नाही विचारणार’ हे मात्र चालणार नव्हतं.

*

शुक्रवारी संध्याकाळी कार्डावरच्या दवाखान्यात काचेमागच्या बाईने फॉर्म दिला. ‘त्रास’ या रकान्यात वस्तादने इकडेतिकडे पाहून ‘पायदुखी’ असं लिहिलं.

डॉक्टर निघाली बाई. साठीची, केस पांढरे, चष्मा गळ्यात. वस्तादची पाचावर धारण बसली. सवयीने त्याने खाली पाहिलं. माणसाच्या तोंडाकडे बघायचं धैर्य नसेल तेव्हा तो बुटांकडे बघायचा. बाईंच्या दोन्ही टाचा बाहेरच्या बाजूने झिजल्या होत्या. सरळ, दणादण चालणारी बाई.

“बसा. पाय दुखतो म्हणे.”

“हो. म्हणजे… पाय नाही.”

“पण दुखतं.”

“दुखतं.”

“मग बरोबर लिहिलंत. थोडा पत्ता चुकला, इतकंच. किती दिवस?”

वस्ताद बोलायला लागला. आधी ततपप, मग एकदा बूच उडाल्यावर सगळंच. बाई लिहीत होत्या. लघवी अडते का, ताप येतो का, रात्री किती वेळा उठावं लागतं, पूर्वी त्वचा मागे जायची का, घरात कुणाला साखर आहे का. आवाज असा, की जणू तो छत्रीच्या तुटलेल्या काडीबद्दल सांगतोय. पडद्यामागे तपासणी दोन मिनिटांत झाली. ती दोन मिनिटं वस्तादने छताच्या टाइल्स मोजल्या. बावीस होत्या. पुढे आयुष्यभर त्याच्या लक्षात राहिल्या.

“यावर काय लावलंत?” पडद्यापलीकडे हात धुता धुता बाईंनी विचारलं.

वस्ताद परत टाइल्स मोजायला लागला.

“जे असेल ते सांगा. मी बरंच काही ऐकलंय.”

“चामडं मऊ करायचं तेल,” वस्ताद म्हणाला. “बुटाचं.”

नळ बंद झाला. बाई बाहेर आल्या, टॉवेलला हात पुसले, खुर्चीत बसल्या.

“हे नव्हतं ऐकलं,” त्या म्हणाल्या. “बूट करता का तुम्ही?”

“हो. आणि दुरुस्ती.”

“बुटाचं चामडं मेलेलं असतं हो. त्याला काहीही लावा, ते तक्रार करत नाही. हे जिवंत आहे.”

वस्तादने मान डोलावली. तीस वर्षांत त्याला त्याच्या धंद्यातली ही गोष्ट कुणी सांगितली नव्हती.

“कापणार?” त्याने विचारून टाकलं.

“काय?”

“म्हणजे… सगळं?”

बाईंनी चष्मा डोळ्यांवरून काढला. “बूट तंग झाला म्हणून तुम्ही गिऱ्हाइकाचा पाय कापता का?”

दुसऱ्या कुणाच्या तोंडचं आपल्यापेक्षा सरस वाक्य ऐकून वस्तादला एरवी दिवसभर राग आला असता. आज त्याच्या छातीत वर्षभर अडकलेली हवा एकदम बाहेर पडली, शिट्टी वाजावी तशी.

मग बाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. याला फायमोसिस म्हणतात. लहान मुलांची त्वचा मागे जात नाही, ते नैसर्गिकच असतं. पण मोठ्या माणसाची, आधी नीट असलेली त्वचा आवळायला लागली तर कारण शोधायचं. कधी वारंवार जंतुसंसर्ग, कधी साखर, कधी पांढरे कडक चट्टे पडणारा त्वचेचा आजार. “तुम्हाला तसे चट्टे नाहीत. गाठ नाही. ज्याची भीती वाटून तुम्ही नाव घेत नाही आहात, तसंही मला आज काही दिसत नाही. रक्त तपासून घ्या. साखरेची मला शंका आहे.”

“आणि औषध?”

“आधी आठवडाभर हे साधं मलम, चिरा भरू देत. त्यानंतर हे दुसरं. स्टिरॉइड असतं त्यात, म्हणून मी सांगते तेवढंच आणि तेवढेच दिवस. सकाळ-संध्याकाळ पातळ थर, जिथे आवळलंय बरोबर त्या वळ्यावर. सहा आठवडे. आणि रोज कोमट पाण्याने धुताना त्वचा हलकेच मागे घ्यायची. ताण जाणवला की थांबायचं. दुखायच्या आधी थांबायचं, दुखल्यावर नाही. साबण नको.”

“रोज अर्धा फेरा,” वस्ताद पुटपुटला.

“काय?”

“आमच्याकडे तंग बुटात लाकडी पाय घालतात. मध्ये स्क्रू असतो. रोज अर्धा फेरा द्यायचा, जास्त नाही. जास्त दिला की शिवण जाते.”

“मग तुम्हाला मी काय शिकवतेय!” बाई म्हणाल्या. “माहिती तुम्हाला होतीच. धीर फक्त गिऱ्हाइकांच्या बुटांसाठी राखून ठेवला होतात. आता एक नीट ऐका. मागे घेतलेली त्वचा प्रत्येक वेळी पुढे आणायचीच. मागेच अडकली, सूज आली, तर घरी बसून तेलं लावायची नाहीत. तडक हॉस्पिटल. त्यात वेळ घालवायचा नसतो.”

“आणि मलमाने नाहीच झालं तर?”

“तर छोटी शस्त्रक्रिया. एक म्हणजे त्वचा ठेवून फक्त तो आवळलेला भाग मोकळा करायचा. दुसरी म्हणजे ती पुढची त्वचाच काढायची, सुंता म्हणतात ती. सकाळी यायचं, संध्याकाळी घरी. दोन-तीन आठवडे जपायचं, चार-सहा आठवडे बायकोपासून लांब. लोक दहा-बारा दिवसांत कामावर जातात. थोडे फेंगडे चालतात, बस.”

वस्ताद हसला. फेंगडं म्हटल्यावर त्याला आपली नक्कल आठवली.

“बायकोला सांगितलंय?” बाईंनी चिठ्ठी फाडता फाडता विचारलं.

“नाही.”

“मलमाच्या आधी ते करा.”

*

घरी बायको दोरीवरच्या चादरी काढत होती. चादर एकट्याने घडी होत नाही, म्हणून तिने न बोलता दोन टोकं त्याच्या हातात दिली आणि दोन टोकं घेऊन खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली. पंचवीस वर्षं चादरी अशाच घडी होत होत्या.

“एक गंमत सांगतो,” वस्ताद म्हणाला.

“गंमत नको.”

“बरं. गंमत नाही.”

चादर ताणली गेली. पहिली घडी. दोघं एकमेकांकडे चालत आले, टोकं जुळवली, परत मागे गेले.

त्याने सांगितलं. चादरीच्या काठाकडे बघत, गुरुवारी सापडलेल्या कार्डापासून उलटं सुरू करून. तेलाचं सांगितलं. रक्ताचं सांगितलं. फुग्याचं सांगितलं. दुसरी घडी झाली, तिसरी झाली, आणि चादर एवढी लहान झाली की दोघांची बोटं एकमेकांना लागली. बायकोने घडी हातातून सोडली नाही.

“एवढंच?”

“एवढंच म्हणजे? तुला काय माहीत काय काय—”

“वर्षभर!” चादरीची घडी वस्तादच्या खांद्यावर बसली. “वर्षभर मी आरशासमोर उभी राहून बघत होते, माझं काय बिघडलंय म्हणून! आणि हे तिकडे बुटाचं तेल लावतायत!” परत एक. “साऱ्या जगाला हसवता! पोस्टमास्तरांच्या आवाजात मला फोन करता! आणि हे एक वाक्य सांगता येईना?”

“लाज वाटली गं.”

“तुम्हाला? लाज?” ती थांबली. चादर तिच्या हातात पार चुरगळली होती. मग ती खाली पलंगावर बसली, आणि आधी डोळे पुसले, की आधी हसली, हे वस्तादला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. “मांजर ओरडल्यासारखं ओरडलात?”

“छत्रीवाला बघायला आला होता.”

“मलम दाखवा,” बायको म्हणाली. “आणि उद्यापासून चहात साखर नाही.”

“रिपोर्ट यायचाय अजून.”

“माझा आलाय.”

तिचाच खरा निघाला. साखर काठावर होती. तीन चमचे साखरेचा चहा बंद झाला, संध्याकाळी जेवणानंतर दोघांचं चालणं सुरू झालं. वस्ताद चालता चालता लोकांच्या टाचा बघून त्यांचे स्वभाव सांगायचा, बायको म्हणायची, हळू बोला, ऐकतील. दिवस मोजायला त्याला कॅलेंडर लागलं नाही. दुकानात त्या काळ्या जोडात त्याने लाकडी पाय घातले होते, सकाळी आल्यावर पहिलं काम म्हणून अर्धा फेरा द्यायचा. घरचं मलम आणि दुकानातला स्क्रू, दोन्ही एका तालात चालले. तीन आठवड्यांत जोड सैल झाला, फळीवर गेला. वस्तादला अजून थोडे दिवस लागले. पण एका सकाळी न्हाणीघरातून तो इतक्या वेळाने आणि असा शीळ घालत बाहेर आला, की बायकोने पेपरातून डोकं वर न काढता विचारलं, “धार सरळ?”

“फुटपट्टी लाव,” वस्ताद म्हणाला.

दुसऱ्यांदा तपासलं तेव्हा डॉक्टरबाईंनीही मान डोलावली. सध्या ऑपरेशनची गरज नाही. मलम हळूहळू बंद. साखर सांभाळा, परत आवळल्यासारखं वाटलं तर वर्ष वाया न घालवता या. निघताना वस्तादने त्यांचे झिजलेले बूट मागून घेतले आणि दुसऱ्या दिवशी नव्या टाचा बसवून आणून दिले. बाई खोलीत दोन फेऱ्या मारून म्हणाल्या, “अरे! माझा गुडघा दुखत होता तो याने की काय?” त्यावर वस्ताद म्हणाला, “थोडा पत्ता चुकला होता.”

*

काळ्या जोडाचा मालक मात्र आलाच नाही.

दोन महिने झाले तशी वस्तादला चुटपुट लागली. त्या माणसाचं कार्ड आपण ढापलं. त्याच्यामुळे आपण सुटलो आणि तो बिचारा कुठेतरी तसाच आवळून बसला असेल. तो आला की त्याला बाजूला घ्यायचं, टर उडवायची नाही, नीट सांगायचं, जा बाबा, बाई चांगली आहे, पाय कापत नाही. वस्तादने वाक्यंसुद्धा तयार ठेवली होती.

त्या दिवशी मेव्हणा बँकेत गेला होता. वस्तादने जोड खाली काढला. मालक येईल तेव्हा येईल, निदान अस्तर तरी बदलून ठेवू, आपल्याकडून भेट. त्याने आरीच्या टोकाने उजव्या बुटाच्या तळाचं अस्तर कडेने उचललं आणि मागे सोललं.

आतल्या कातड्यावर शाईने लिहिलेलं होतं. अक्षर फिकट झालं होतं, पण लफ्फेदार.

‘हे बूट घालणारा गाढव आहे.’

वस्तादने ते दोनदा वाचलं. अक्षर ओळखायला त्याला दुसरं वाचन लागायला नको होतं.

अठरा वर्षांपूर्वी मेव्हण्याच्या लग्नासाठी त्याने स्वतःच्या हाताने जोड शिवला होता. बदामी रंगाचा. अस्तर चिकटवण्याआधी आत हे लिहिलं होतं, आणि नवरा मुलगा ऐटीत उभा असताना पाहुण्यांच्या कानात सांगत फिरला होता, की बघा, याच्या पायाखाली काय आहे. त्याने बुटाची कड नखाने खरवडली. काळ्याखाली बदामी होतं. तळ नवा, टाच नवी, रंग नवा. पण शिवण त्याचीच. आपलाच टाका आपण ओळखला नाही. ओळखणार कसा? हातात कार्ड आलं आणि डोळे मिटले.

त्याने खिशातल्या पाकिटातून कार्ड काढलं. अजून जपून ठेवलं होतं. तिसऱ्या ओळीखालची रेघ उजेडात धरली. चंदेरी. काळ्या कातड्यावर खूण उठावी म्हणून मेव्हण्याच्या कानावर असते ती पेन्सिल. दुनियेत दुसरं कोण कार्डावर त्या पेन्सिलने रेघ मारेल? रोज डोळ्यांसमोर असते, म्हणून दिसली नाही.

मग एकामागून एक टाके उसवत गेले. खिडकीत राहिलेली तेलाची डबी. न विचारता फळीवर परत आलेली. आणि आठ वर्षांपूर्वीची दहा दिवसांची सुट्टी. हर्निया. हर्नियाचं ऑपरेशन झालेला माणूस पोटावर हात ठेवून वाकून चालतो. गुडघ्यांत अंड्यांचा ट्रे धरून चालत नाही. तसा चालतो तो बाईंनी सांगितलेल्या त्या छोट्या शस्त्रक्रियेनंतर. एवढी चाल ओळखणारा वस्ताद, आणि त्याने तिची नुसती नक्कल केली. आठ वर्षं. भर माणसांत. म्हणूनच मेव्हण्याने तोंडाने काही सांगितलं नव्हतं. कुणाला सांगणार? या माणसाला? त्याने बुटात कार्ड ठेवलं, कारण दाजी कुणाचं ऐकत नाहीत, पण बुटात हात मात्र घालतात.

वस्तादने बूट मांडीवर घेतला. मग त्याने अस्तर परत चिकटवलं, ठोकून घट्ट केलं, आपल्या चपला काढल्या आणि तो जोड पायात चढवला. मेव्हण्याचा पाय सात नंबर, वस्तादचा नऊ. तीन आठवडे फेरे देऊनही अंगठे कुरकुरले.

मेव्हणा परत आला, पिशवी खुंटीला अडकवली, आपल्या जागेवर बसला, अर्धवट राहिलेला बूट हातात घेतला. वस्ताद उठला आणि दुकानाला वळसा घालून त्याच्यासमोर जायला निघाला. चार पावलं होती फक्त. पण बोटं अशी आवळली होती की गुडघे आपोआप बाहेर फाकले.

मेव्हण्याने वर पाहिलं. आधी तोंडाकडे, मग पायांकडे. पायांकडे जरा जास्त वेळ.

“मालक आला का त्या जोडाचा?” त्याने विचारलं.

“आला.”

“कोण निघाला?”

“एक गाढव.”

“नक्की?”

“आत लिहिलंय,” वस्ताद म्हणाला. आणखी काही बोलायचं होतं, वाक्यं तयार होती, पण ती सगळी दुसऱ्याच कुणासाठी तयार केलेली. मग हळूच म्हणाला, “ती नक्कल आता बंद.”

मेव्हण्याने खांदे उडवले. वस्ताद परत वळला, फेंगड्या पावलांनी वळसा घालून आपल्या जागेकडे गेला, हुश्श करून बसला. पाठीला पाठ. मागे आरी कातड्यातून गेली, दोरा आला, टाका बसला.

“दाजी.”

“काय?”

“आठ वर्षं चुकीची करत होतात ती चाल.” अजून एक टाका. “आत्ता जमली.”

मग दोरा थांबला. वस्तादच्या पाठीला काहीतरी लागलं, हललं, परत लागलं. मेव्हण्याची पाठ होती ती. गदगद हलत होती.